कुसळ, मुसळ आणि दोन रकान्यांची वही : मंडळीत नव्याने आलेल्यांसाठी

बेळगावात कुठल्याही मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नवा माणूस उपासनेला आला की पहिल्या चहाच्या कपातच त्याला दोन प्रश्न विचारले जातात. "मूळचे कुठले?" आणि "आधी कुठल्या मंडळीत जात होता?" तिसरा प्रश्न कुणी तोंडाने विचारत नाही. त्याचं उत्तर आडनावात, गळ्यातल्या काळ्या मण्यांत, बायबल कितपत मळलंय त्यात शोधलं जातं. मीही शोधलंय. तीसेक वर्षं रविवारच्या शाळेत शिकवते आहे, आणि या खोडीचं प्रमाणपत्र द्यायचं झालं तर पहिलं मला मिळेल.

हे लिहिते आहे ते नव्यांसाठी. कुणी बाप्तिस्मा घेऊन आलेलं असेल, कुणी लग्न होऊन, कुणी कोल्हापूर-हुबळीकडून बदलीवर. नव्या विश्वासणाऱ्याला पहिल्या वर्षात एक दुखणं हमखास होतं. शास्त्र नुकतंच वाचलेलं असतं, मन भरून आलेलं असतं, आणि अचानक इतरांचं काय काय चुकतंय ते लख्ख दिसायला लागतं. आईची देवपूजा, शेजाऱ्याचा गणपती, मागच्या बाकावर डुलक्या घेणारे काका. जुन्यांनाही हेच दुखणं असतं, पण त्यांचं जुनाट झालेलं असल्यामुळे त्यांना ते जाणवत नाही. खाली फक्त पथ्य सांगते. औषध प्रभूकडे.

आधी वचन पुरतं वाचा

मत्तयाचा सातवा अध्याय, पहिली पाच वचनं. बहुतेकांना पहिलंच पाठ असतं : दोष काढू नका. तिथेच पुस्तक मिटतं. पाचव्या वचनापर्यंत जा.

मूळ ग्रीक मजकुरात बारीक काडी आणि घराची तुळई आहे. सुताराच्या घरात वाढलेल्या माणसाने दिलेला दाखला तो. आपल्या मराठी शास्त्रात त्याचं कुसळ आणि मुसळ झालं, आणि शेताघरातल्या माणसाला याहून नेमकं काही सांगता आलं नसतं. पण टिळकवाडीतल्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलांनी दोन्ही पाहिलेली नसतात. म्हणून मी वर्गात खानापूरकडचं कुसळी गवत घेऊन जाते. सुईसारखं टोक आणि त्याच्यावर उलट्या दिशेने बारीक केस. साडीच्या काठात शिरलं की आत आत सरकतं, मागे ओढलं की अडकतं. डोळ्यात गेलं तर चोळून निघत नाही, उलट जास्त रुततं. कुणीतरी उजेडात उभं करून, पापणी उलटून, पदराच्या टोकाने हळूच काढावं लागतं.

मुसळ आमच्या घरी अजून आहे, सासूबाईंच्या वेळचं, खाली लोखंडी कडं बसवलेलं. एकदा एका पोराला म्हटलं, हे डोळ्याला लावून धर आणि शेजारच्या मुलीच्या डोळ्यात काय गेलंय ते बघून सांग. तो म्हणाला, "बाई, मला ती मुलगीच दिसत नाही." त्या दिवशी पुढे शिकवायचं काही उरलं नव्हतं.

आता पाचवं वचन. आधी आपलं मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल. म्हणजे भावाच्या डोळ्यात कुसळ राहिलं तर राहू दे, असं प्रभू म्हणत नाही. कुसळ टोचतंच, ते काढायलाच हवं. कोणत्या हाताने, कधी आणि किती जवळ जाऊन, एवढाच प्रश्न आहे. हे लक्षात ठेवा, कारण शेवटी शेवटी परत लागणार आहे.

वही घ्या, मधोमध रेघ मारा

शाळेची दोनशे पानी वही चालेल. डाव्या रकान्यात लिहायचं : काय दिसलं किंवा ऐकलं. उजव्यात : त्यावरून मी काय ठरवलं. एक आठवडा रोज रात्री, झोपायच्या आधी. माझ्या जुन्या वहीतले नमुने देते.

डावीकडे : प्रभुभोजनाला (भाकर आणि द्राक्षारस घ्यायला) कठड्यापाशी आली नाही. उजवीकडे : काहीतरी लपवते आहे.

डावीकडे : कपाळावर कुंकू. उजवीकडे : अर्धीच ख्रिस्ती.

डावीकडे : शेवटच्या गीताआधी उठून गेले. उजवीकडे : देवाचं भय नाही.

तिसऱ्याचं सांगूनच टाकते. त्यांची गावाकडची बस सुटायची वेळ ती होती, आणि त्यानंतरची बस दोन तासांनी.

डावा रकाना लिहिणं वाटतं तितकं सोपं नाही. "उद्धटपणे बोलला" हे डावीकडे लिहिलंत तर खोडा आणि उजवीकडे न्या. डावीकडे फक्त जे शब्द तो बोलला ते. "मुद्दाम", "नेहमीच", "ढोंग", "दाखवायला" हे शब्दही उजवीकडचे. चौथ्या-पाचव्या दिवशी दिसेल की डावा रकाना दोन ओळींचा आहे आणि उजवा पानभर. माझ्या वहीत तर एक पान असं निघालं की डावीकडे काहीच नव्हतं. कुणाबद्दल काही न बघता, न ऐकता मी निकाल लिहून मोकळी झाले होते.

तंबाखूचा वास

वहीची सवय लागायच्या कितीतरी आधीची गोष्ट. निपाणीजवळच्या एका गावात महिला मंडळाची सभा होती. निपाणी म्हणजे विडीच्या तंबाखूची पेठ. वखारींत तंबाखू चाळायला, निवडायला पिढ्यान्‌पिढ्या बायकाच. उपासना सुरू झाल्यावर एक मावशी घाईघाईने येऊन माझ्या शेजारी टेकल्या. तंबाखूचा असा भपकारा आला की मला लागोपाठ तीन शिंका आल्या. मनात आलं, देवाच्या घरात येतानाही हिची तंबाखू सुटत नाही. मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंटांच्या एका पंथाच्या, घरात वाढलेली मी. तंबाखू आणि दारू या दोन शब्दांना आमच्याकडे वडील आवाज खाली करायचे. पंख्याचं निमित्त करून मी पुढच्या बाकावर जाऊन बसले.

प्रभुभोजनाला गुडघे टेकले तेव्हा मावशी पुन्हा शेजारीच. भाकर घ्यायला त्यांनी दोन्ही तळवे पुढे केले. तळवे तपकिरी, नखांच्या कडा काळपट, रेषांत रंग भरलेला, मेंदी उतरत आली की दिसते तसा.

चहाच्या वेळी यजमानीणबाईंनी ओळख करून दिली. मावशी वखारीतनं थेट आल्या होत्या. बदली बाई मिळाली नव्हती, म्हणून अर्धा दिवस काम करून, हातपाय धुऊन आल्या. "साबणानं जात न्हाई ओ," मावशी हसत म्हणाल्या, "आमचा घामच तंबाखूचा झालाय. तुम्हाला शिंका आल्या न्हवं? पहिल्यांदा येणाऱ्याला येत्यातच. पंख्याखाली गेलासा, बरं केलासा." आयुष्यात कधी चिमूट तोंडात धरली नव्हती म्हणे. माझ्या वागण्याला निमित्तही त्यांनीच पुरवलं.

ही गोष्ट मी वर्गात सांगायचे ती इथेच संपवायचे. सगळ्यांना कळायचं, बाई चुकल्या, मावशी निर्दोष निघाल्या. मग एकदा दहावीतल्या एका मुलीने विचारलं, "पण बाई, त्या खरंच खात असत्या तर? मग तुम्ही बरोबर होता?"

उत्तर द्यायला मला आठवडा लागला. मावशी खात असत्या तरी मी चुकलेच होते. त्या भाकरीवर आम्हा दोघींपैकी कुणाचाच हक्क नव्हता, दोघींनाही ती फुकटच मिळाली होती. नव्या माणसाने ही पायरी ओलांडू नये. "माहिती चुकीची होती म्हणून निकाल चुकला" इथे आपण थांबतो आणि पुढच्या वेळी माहिती नीट काढायला लागतो. मग दोष काढणं सुटत नाही, फक्त त्याची चौकशी जास्त काटेकोर होते. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात प्रेषित पौल विचारतो, दुसऱ्याच्या चाकराचा निकाल करणारा तू कोण? तो उभा राहील की पडेल ते त्याचा धनी बघेल. आणि तो उभा राहील, असंही लगेच पुढे आहे.

आई, शेजारी आणि प्रसादाचा मोदक

बाहेरून विश्वासात आलेल्यांना सर्वांत जड जाते ती ही पायरी, म्हणून इथे जरा जास्त थांबते.

पहिलं करिंथकर, पाचवा अध्याय, बारावं वचन उघडा. बाहेरच्यांचा न्याय करणं माझ्याकडे कुठे, असं पौल स्पष्ट विचारतो. ज्याने कधी ख्रिस्ताला प्रभू म्हटलेलंच नाही, त्याला ख्रिस्ताच्या मापाने मोजायचं कसं? तुमची आई सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जात असेल, घरी गौरी बसत असतील, मामा मारीच्या जत्रेचं मटण घेऊन येत असतील. तुम्ही सहा महिन्यांपूर्वीपर्यंत त्याच पंगतीत होता. वाढदिवसाला "आई, तू अंधारात आहेस" असं म्हणणारा मुलगा मी पाहिला आहे. आईने पुरणपोळी वाढून ठेवली होती. ती तशीच राहिली.

काय करायचं हे साध्या वाक्यांत सांगते. स्वतःबद्दल बोला, तिच्याबद्दल बोलू नका. "आई, मी आरतीला हात जोडणार नाही, पण मोदक वळायला बसते." "मी उदबत्ती लावणार नाही, मांडव घालायला येतो." काय करणार नाही ते एकदा, हळू आवाजात, शक्यतो आदल्या दिवशी सांगावं. ऐन पूजेच्या वेळी जाहीर करू नये. काय करणार ते मात्र भरपूर करावं. भांडी घासणं कुठल्याच धर्माविरुद्ध नाही.

प्रसादाचं काय? याच पत्राचे आठवा आणि दहावा हे अध्याय बसून वाचा. करिंथमध्ये मूर्तीला दाखवलेल्या मांसाचा नेमका हाच तंटा होता. पौल एकदा म्हणतो, कुणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते खा, खोदून विचारू नका. लगेच पुढे म्हणतो, कुणी मुद्दाम सांगितलं की हे अर्पण केलेलं आहे, तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका. यातून आमच्या बेळगावात दोन्ही प्रकारची घरं तयार झाली आहेत. मी शेजारच्या आजींच्या हातचं घेते. माझी धाकटी जाऊ घेत नाही, नमस्कार करून "आजी, मला नको, पण चहा द्या" म्हणते. आजी दोघींना ओळखून आहेत. आम्ही दोघी एकाच बाकावर बसतो. तिच्या मते मी सैल आहे आणि माझ्या मते ती कडक. हे मत वहीत उजवीकडे गेलेलं आहे, तोंडावर येत नाही. बहुतेक वेळा.

मंडळीमंडळींतही हेच. कॅथलिकांचं मद्य, पेंटेकॉस्टलांचा मोठा आवाज, आमची मेथडिस्टांची घड्याळ लावून चालणारी उपासना, प्रत्येकाला दुसऱ्याचं खुपतं. आपल्या घरात आधी बघा, एवढंच म्हणून पुढे जाते.

भांगलण कुणी करायची

शेतावरच्या मंडळींना गव्हातल्या निदणाचा दाखला (मत्तय, तेरावा अध्याय) पहिल्यांदा वाचला की पटत नाही. धनी चाकरांना म्हणतो, निदण उपटू नका, कापणीपर्यंत दोन्ही बरोबर वाढू द्या. खानापूरकडचा भातकरी म्हणेल, भांगलण केली नाही तर खायचं काय? पण ते निदण साधं तण नव्हतं. पोटरीत येईपर्यंत ते हुबेहूब गव्हासारखं दिसतं, आणि मुळं एकमेकांत गुंतलेली असतात. उपटायला गेलात तर गहूच हातात येतो. भातात रानभात उगवलं की काय होतं ते ज्याने बघितलंय त्याला हे सांगावं लागत नाही.

आमच्याकडचा एक तरुण असाच उपटला गेला. नाव-गाव सांगत नाही. दारू सुटून चार महिने झाले होते, पाचव्या महिन्यात एकदा घसरला, आणि रविवारी दोन वडीलधाऱ्यांनी त्याला दारातच सुनावलं. तो परत आला नाही. पोटरीत यायच्या आधीच आम्ही निकाल देऊन मोकळे झालो.

"प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं"

या वाक्यापासून सावध. मंडळीत चहाडी कधी चहाडी म्हणून येत नाही, ती प्रार्थनेची विनंती होऊन येते. "तिच्यासाठी प्रार्थना करा, नवऱ्याशी पटत नाहीये, काय काय ऐकू येतंय." आमेन म्हणेपर्यंत पाच घरांत बातमी पोचलेली असते. आता व्हॉट्सअॅप ग्रुपमुळे आमेनचीही वाट बघावी लागत नाही.

आमच्या महिला मंडळाने एक नियम केला आहे, नव्या मंडळींनाही चालेल. ज्याच्यासाठी प्रार्थना मागायची त्याची परवानगी घेतली असेल तरच नाव घ्यायचं. नाहीतर "एका बहिणीसाठी" एवढंच. देवाला पत्ता लागत नाही. पहिले दोन महिने प्रार्थनेच्या विनंत्या निम्म्यावर आल्या होत्या, ही माझी नोंद.

बोलावंच लागेल तेव्हा

आता कुसळ काढायची गोष्ट. मत्तय अठरा, पंधरा ते सतरा ही वचनं क्रमच देतात : आधी एकट्याने एकट्याला, मग एकदोघांना बरोबर घेऊन, मग मंडळीत. आपण नेमके उलटे जातो. आधी सगळ्यांना, मग पाळकसाहेबांना, आणि ज्याचं आहे त्याला कधीच नाही. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात सौम्यतेने ताळ्यावर आणा असं सांगून लगेच पौल म्हणतो, स्वतःकडेही बघ, तूही मोहात पडशील. त्याच्या घरी जा. चहा प्या. डावा रकाना सांगा, उजवा घरी ठेवून या. "गेल्या तीन बैठकांचा हिशेब तुम्ही मांडला नाही" हे बोलता येतं. "तुम्ही पैसे खाल्ले" हे तुम्हाला माहीत नाही.

आणि एक ठळक अपवाद. कुणी बायकोला मारत असेल, कुणा लेकराला कुणी हात लावत असेल, तर "दोष काढू नका" हे वचन तिथे आणायचं नाही. माझा अनुभव असा की ते वचन अशा वेळी सगळ्यांत आधी मारणाऱ्याच्याच तोंडून येतं. लेकराचं असेल तर १०९८, बाईमाणसाचं असेल तर १८१, जिवावर बेतलं असेल तर ११२. मंडळीत मिटवामिटवी करत बसू नका. मार खाणाऱ्याची बाजू घेणं म्हणजे कुणाचा न्यायनिवाडा करणं नव्हे, ते शेजारधर्मात मोडतं.

व्यभिचारात धरलेल्या बाईला प्रभूपुढे आणलं (योहान, आठवा अध्याय), तेव्हा तो पुरुष कुठे होता, असं माझ्या वर्गातल्या मुली दरवर्षी विचारतात. लेवीय विसाव्या अध्यायात नियम दोघांसाठी आहे. आणली एकटी तिला. आपल्याकडेही मुलगी पळून गेली की तिच्या आईला महिला मंडळात बसणं मुश्कील होतं. मुलाच्या आईला कुणी काही विचारत नाही.

आमच्या घरचं मुसळ

नव्यांनी हे जुन्यांकडून ऐकलेलं बरं. १८२० मध्ये लंडन मिशनचे जोसेफ टेलर इथे आले, तेव्हापासून बेळगावात मंडळी आहे. मराठी लेखक बाबा पदमनजी १८३१ मध्ये याच गावात जन्मले, आणि १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या पिढीला आप्तांनी, जातीने बाहेर काढलं. सगळ्या गावाने आपल्याला मोजणं म्हणजे काय ते त्यांनी भोगलं. पदमनजींनी पुढे १८५७ मध्ये 'यमुनापर्यटन' ही कादंबरी लिहिली ती विधवांच्या दैनेवर. समाज कुणाला कसं मोजतो याकडे त्या माणसाची नजर होती.

आणि आम्ही? सुरुवातीचा "मूळचे कुठले?" आठवतो ना? स्थळ बघताना तोच प्रश्न परत येतो, आणि त्याचा अर्थ गाव असा नसतो. एकाच भाकरीचे तुकडे घेणारी घरं सोयरीक करताना जात चाचपतात. विधवा बहिणीने पुन्हा लग्न केलं तर अजून कुजबुज होते. नव्या माणसाला हे दिसेल तेव्हा "हे कसले ख्रिस्ती" असं वाटेल. वाटू द्या, वहीत लिहा, आणि लग्नाची गोष्ट तुमच्या घरात निघेल तेव्हा ती वही काढून बघा.

भाषेचंही थोडं आहे. १ नोव्हेंबरला कुणी कर्नाटक राज्योत्सव करतं, कुणी काळा दिन पाळतं. बेळगाव म्हणालात की बेळगावी, यावरूनसुद्धा तुमची बाजू ठरवली जाते. २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी आहे, माझ्या जिभेवर बेळगावच आहे. कन्नड उपासनेला बसणाऱ्या बहिणीकडून मात्र मी "नमस्कारा" शिकले, आणि माझा उच्चार ऐकून ती अजून हसते.

तुमच्यावरही संशय घेतला जाईल. धर्मांतराविरोधी विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये इथल्याच सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधानसभेने संमत केलं, तेव्हा ओळखीच्या लोकांनीही आम्हाला विचारलं, "तुम्ही पैसे देऊन लोक आणता काय?" मला राग आला. घरी येऊन वही उघडली. डावीकडे त्या बाईंचा प्रश्न लिहिला, शब्दाला शब्द. उजवीकडे लिहिलं : हिला आम्ही माणसंच वाटत नाही. मग आठवलं, कोविडात आमच्या दारात डबा ठेवून जाणारी हीच होती. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं, पैसे कुणी देत नाही, उलट दर महिन्याला देणगी आम्हीच देतो, हवं तर पावती दाखवते. तिने पावती मागितली. दाखवली.

वहीबद्दल एक शेवटची सूचना राहिली. तिच्यात लोकांची नावं लिहू नका, खुणा वापरा, आणि महिना झाला की पानं फाडून बंबात घाला. माझी एक वही एकदा नातीच्या हाती लागली होती. तिने उजवा रकाना मोठ्याने वाचायला सुरुवात केली, आणि बाहेरच्या खोलीत पाळकसाहेब चहा पीत बसले होते.